पाण्यावरचं घर

...आन् वर पोरगा-सून म्हणतात, "आबा, हसा की जरा, फोटू काढायचाय!" हसू? कशाला हसू? तुम्हाला सांगतो, पाण्यावर लाकडाचं घर, त्यात पलंग, त्यात संडास, आन् ते घर असं सरकतंय, असं सरकतंय, की आमची गाभण मेंढरं त्याच्याहून जोरात चालायची! खाली पाणी, वर ऊन, मधी आपण लोंबकळत... आन् ह्याला म्हणे सुट्टी! माणसानं आपलं जमिनीवर ऱ्हावं.

मी जाणारच नव्हतो. लासूरकडं उभ्या मोसंब्या जळत होत्या, गारखेड्यात आमच्या बिल्डिंगीला आठव्या दिवशी नळ, तोबी आला तर आला, मधल्या दिवसांत टँकरमागं बायका हंडे घेऊन पळतायत... आन् आमचा रामप्रसाद, एकुलता एक पोरगा, निघाला केरळात बोटीवर ऱ्हायला! म्हटलं, तू जा बाबा. पण त्यानं मोबाइलात तिथले कालवे दाखवले आईला. आमची सारजाबाई... उभा जन्म माझ्यासंगं मेंढरामागं हिंडली, लुगडं माग म्हटलं तरी मागितलं नाय. ती म्हणली, "अवं, येवढं पाणी येकदा बघावं वाटतंय." आता काय बोलता? गेलो.

तर तिथं काय! बायका आपल्या दाराच्या पायरीवर बसून कालव्यात भांडी घासतायत. हंडा नाय, रांग नाय, भांडण नाय! असल्या गावाला गाव म्हणावं का? आन् आमची सून सुकेशनी कठड्याला टेकून म्हणती, "आबा, किती शांत वाटतंय ना?" शांत? दौलताबादच्या माळावर मेंढरं चारताना काय बँड वाजत होता? त्यात बोटीवर तीन गडी. एक हाकणार, एक रांधणार, आन् तिसरा नुसता हात बांधून "ओके सार? ओके सार?" करणार! अख्ख्या कळपामागं मी एकटा आन् एक कुत्रं असायचं, तुम्हाला सांगतो! माणसानं आपलं जमिनीवर ऱ्हावं.

बरं, ऐका आता. दुपारी बोट काठाला लागली, आचारी मासळी आणायला उतरला, आम्ही पुढं वारा खात बसलो, आन् सारजाबाई आत गेली. न्हाणीतला नळ सोडला, तर ही धार! आता गारखेड्यातली बाई ती, नळाला धार दिसल्यावर हिचे हात थांबतील व्हय? बादली भरली. टब भरला. तांब्या, पेले, थर्मास... मग मागं जाऊन आचाऱ्याची पातेली, कढया, कुकर! शहाळी पिऊन टाकलेली कवटं होती, तीबी भरून ओळीनं लावली! आन् टाकी केवढी? छपरावर एवढीशी.

इकडं रामप्रसाद उठून त्याच्या खोलीतल्या न्हाणीत गेला, अंगाला साबण लावून उभा, आन् नळ फुस्स! टॉवेल गुंडाळून, डोळे मिटून बाहेर आला, "पाणी! अरे पाणी!" चहूकडं पाणी, आन् हा मधी उभा राहून पाणी मागतोय! तेवढ्यात आचारी आला. "सार, टंकी खाली! बर्तन सब फुल! खाना किसमें बनाएगा?" असं म्हणून उचललं पातेलं, आन् ओतलं की कालव्यात!

सारजाबाई अशी वरडली... "आरं मुडद्या, फेकतो काय? पाणी हाय ते!" दुसरं पातेलं तिनं पोटाशी धरलं. तो ओढतोय, ही ओढतेय, दोघंबी चिंब, आन् तिसरा गडी शेजारी उभा... "ओके सार?"

आन् रामप्रसाद, साबणाच्या डोळ्यांनी, सगळ्यांदेखत खेकसला, "आई, अक्कल हाय का तुला? म्हणून तर तुला कुठं न्यायला लाज वाटती!"

तिनं पातेलं खाली ठेवलं. पदर तोंडाला लावला, आन् कालव्याकडं पाठ करून बसली... जे पाणी बघायला एवढ्या लांब आली, त्याच्याकडंच पाठ!

मला काय झालं कुणास ठाऊक. उठलो.

"तिला काय बोलतो रे? मी भरलं सगळं."

"आबा, तुम्ही?"

"व्हय, मी. कवटंबी मीच भरली. काय म्हणणं हाय?"

उभ्या जन्मात मी हंडा उचलला नव्हता, हां! पण बोललो ते बोललो. सून तोंड दाबून हसली, आचारी हसला, ते हात बांधलेलं ध्यान, तेबी हसलं! माझ्या मुंडाशाला हसले! माणसानं जमिनीवर ऱ्हावं, निदान अब्रू तरी ऱ्हाती... पण सारजाबाई हळूच वळली. पाण्याकडं तोंड केलं, आन् दिवस बुडंस्तोवर बघत बसली.

तिथं बोलली नाय. इथं आल्यापासून थांबंना! खाली ओट्यावर बायका गोळा करून सांगती, "बाई गं, आमच्या ह्यांनी तिकडं जाऊन आख्खी बोट कोरडी केली! मला तर मेलीला तोंड कुठं लपवू झालं!" वर नळ आला की सून हाक मारती, "आबा, या, तुमच्या हौसेचं काम आलंय!" आन् ही खुर्चीत बसून बोट दाखवती, "अवं, माठ ऱ्हायला."

काय करता? भरतोय.