कृपादानच्या दगडावरचं हॅपी-गो-लकी

...नाही, पण मला सांगा, गेलेल्या मित्राच्या दगडावर कोरायचा शब्द आधी तपासून बघितला, यात माझं काय चुकलं? का चुकलंच?

कृपादान, माझा कॉलेजपासूनचा मित्र, सोनईचा, गेल्या वर्षी गेला. आम्हा ख्रिस्ती लोकांत कुणी वर्षाच्या प्रार्थनेला कबरीवर दगड बसवतात. नाव, तारखा, बायबलमधलं वचन, सगळं कोरून झालं आणि त्याच्या बायकोचा, नॅन्सीवहिनींचा फोन... ‘भाऊजी, खाली इंग्रजी शब्द टाकायचाय. समदे ह्यांना हॅपी-गो-लकी म्हनायचे ना? आनंदी मानूस! टाकू?’

‘टाका’ म्हणून गप्प बसावं की नाही? पण तुम्हाला सांगतो, जन्म गेला इंग्रजी शिकवण्यात, हात शिवशिवले, उघडला कोश! आणि निघालं काय? त्या ‘हॅपी’च्या पोटात बसलाय ‘हॅप’, म्हणजे योगायोग, नशीब! पूर्वी हॅपी-गो-लकी म्हणजे ‘जसं घडेल तसं, नशिबावर सोडून’; मजेत राहणारा, बिनघोर, हे सगळं मागाहून! मला घामच फुटला हो. देवावर विश्वास ठेवणाऱ्या माणसाच्या कबरीवर, क्रुसाखाली, नशीब? चर्चचे पाळकसाहेब काय म्हणतील? म्हटलं, वहिनी, थांबा. लाइट-हार्टेड? फार हलकं वाटतं. गुड-नेचर्ड? शाळेच्या दाखल्यासारखं! इकडे प्रार्थना तोंडावर आलेली, तिकडे दगडवाला वहिनींच्या दारात, ‘बाई, सरांचं ठरलं का?’ आता यात माझं काय चुकलं?

शेवटी घरून, सावेडीहून उठून सोनईला गेलो. मान खाली घालून वहिनींना सगळं सांगितलं... हॅप, नशीब, घडेल ते. वहिनींनी पदर डोळ्याला लावला. कशाला बोललो? कशाला कोश उघडला?

‘भाऊजी,’ त्या म्हणाल्या, ‘डाक्टरनं रिपोर्ट दाखवला तवा हे काय म्हनले ठावं हाय? व्हायचं ते होऊ दे, देवाच्या हातात हाय, तू च्या टाक. मंग? तुमचा जुना अर्थच ह्यांचा हाय की! तोच कोरा.’

मी रडलो हो. त्यांच्यासमोर. चहा निवून गेला.

निघताना वहिनी दारात म्हणाल्या, ‘भाऊजी, तुमच्या दगडाचा शब्द आत्ताच ठरवून ठेवा. नंतर कुनाला घावायचा न्हाई.’

म्हटलं, माझा मोकळाच राहू द्या...

तेव्हापासून झोप नाही. मोकळ्या दगडाचा लोक काय अर्थ लावतील?