आबांच्या मशीनची वायर

परवा विमानाचा विषय निघाला तवा मला आमच्या मनीषाची गोष्ट आठवली. माझी पोरगी विमानांची वायरिंग तपासते. कवठ्याला सुट्टीवर आली तवा मी इचारलं, "काय गं, वर आभाळात लाईट गेली तर?"

ती म्हणाली, "दादा, दोन इंजिनांवर दोन जनरेटर असत्यात, शिवाय बॅटरी. आन् सरकारचा नियमच हाय, एक बिघाड झाला म्हणून सगळं बंद पडता कामा न्हाई. म्हणून त्यांच्या वायरीबी वेगळ्या वाटेनं नेत्यात."

माझ्या म्हाताऱ्या वडलांना, आबांना, दिवसरात ऑक्सिजनचं मशीन लागतं. मी ऐटीत म्हणालो, "आपलंबी तसंच. आबांच्या ऑक्सिजन मशीनला लाईट गेली की इन्व्हर्टर हाय."

ती उठली आन् आबांच्या खोलीत जाऊन तिनं बोर्ड उघडून बघितला.

"दादा, लाईट आन् इन्व्हर्टर, दोन्ही ह्या एकाच स्विचमधनं आल्यात. हात लावून बघा."

स्विच गरम होता.

तिनं गावातल्या वायरमनला बोलावलं. तो म्हणाला, "वर्षभर चाललंय की, ताई." पण ती हटली न्हाई. समोर उभी राहून तिनं त्याच्याकडनं इन्व्हर्टरची वायर वेगळ्या बोर्डावर नेऊन, एक वाट बंद पडली तर मशीन आपोआप दुसरीवर जाईल असं करून घेतलं, आन् मगच कामावर गेली.

पंधरा दिवसांनी दुपारी जळका वास आला. वायरमन बदलतो बदलतो म्हणत ऱ्हायलेला तो जुना स्विच पार वितळला होता. मी आबांच्या खोलीकडं धावलो. मशीन चालू होतं, इन्व्हर्टरच्या नव्या वायरीवर. आबांनी इचारलं, "काय झालं रं?"

मी मनीषाला फोन लावला. सगळं ऐकून ती एवढंच म्हणाली, "फोन मशीनजवळ न्या."

मी नेला. बराच वेळ ती नुसती मशीनची घरघर ऐकत राहिली.