सिस्टर परत उभी राहणार नाही

नाही हो दादा, ती इथे नसते आता — केव्हाच गेली बाहेरगावी, उगाच आलात एवढ्या लांब. बसा, पाणी प्या, पण तो छातीवरचा बिल्ला आधी खिशात घाला बघू. तुमचं काय, तुम्ही मोठ्या ऑफिसातून आलात, गाडी पकडून परत जाल. मला इथेच राहायचंय. आमचे हे आत आहेत, एक्स-रेला. वेळ लागतो त्यांना — श्वास रोखून धरा म्हणतात ना आतले, नेमकं तेच जमत नाही.

काय म्हणत होतात? पक्ष आपल्या भागाचा, माणसं आपली, मग आपल्याच लोकांनी मतं का दिली नाहीत? आणि सभांना गर्दी किती होती म्हणून — होती ना, कोण नाही म्हणतंय! माझी सख्खी धाकटी बहीण ती, पण सगळी वस्ती सिस्टर म्हणते म्हणून मीही सिस्टरच म्हणायला लागले. गावच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. जो खोकत येईल त्याला टीबीच्या गोळ्या — देऊन देऊन थकली, आणि मग तिनेच पहिल्यांदा तोंड उघडलं, की हा टीबी नाही, ही खडीक्रशरची धूळ आहे, दगडाचं पीठ छातीत जाऊन बसतंय. तोवर कोणी बोललं होतं? डॉक्टरसुद्धा खाली मान घालायचे. जुन्या दोन्ही पक्षांचे लोक क्रशरमालकाच्या गाडीतून फिरणारे. मग तुमचा पक्ष निघाला — आमचा डोंगर, आमचा निर्णय — आणि तुम्ही तिला तिकीट दिलंत. सरकारी नोकरीत राहून उभं राहता येत नाही, तर हिने दिला राजीनामा ठोकून. मी म्हटलं, अगं, जरा विचार कर. हसली नुसती. लहानपणापासून तिला अर्धवट काही जमतच नाही.

सभेत ती बोलायला लागली की बायका रडायच्या. टाळ्यांपेक्षा खोकलाच जास्त ऐकू यायचा, आणि ती थांबायची बरं का — सगळ्यांचं खोकून होईपर्यंत थांबायची आणि मग पुढचं बोलायची. असं थांबणारं माणूस मी तरी दुसरं पाहिलं नाही.

मालकाने? छे छे, धमकी कसली. एक शिवी नाही, कोणाच्या अंगाला बोट नाही. त्याने फक्त क्रशर बंद केले. गेटवर पाटी लावली, ‘दुरुस्तीसाठी बंद’. बस्स. अहो, काय सांगू, ती शांतता! दोरीवर घातलेली माझी चादर पहिल्यांदा पांढरीच्या पांढरी वाळली. पलीकडचा डोंगर दिसायला लागला, अर्धा खाल्लेला. पोरं खूश. आणि मोठी माणसं? दारात येऊन नुसती उभी. एरवी एकमेकांवर ओरडणारे शेजारी कुजबुजायला लागले — कोणाच्या घरी काही वाईट घडलंय तसं. ट्रक फिरकेनात, गॅरेज बंद, चहावाल्याने स्टोव्ह पेटवला नाही. आमच्या यांना तर झोपच लागेना, सगळा जन्म त्या धडधडीत झोपलेला माणूस. सारखे विचारायचे, सुरू झालं का गं, सुरू झालं का? मतदानाच्या आदल्या दिवशी झालं सुरू. धूळ उडाली — आणि लोक हसले हो! घराबाहेर येऊन हसले. मी तिथेच ओळखलं.

आमच्या बूथवर तिला मतं पडली किती, तर नऊ. तुमचे बिल्ले लावून फिरणारी पोरंच त्याच्या दुप्पट होती. निकालाच्या दिवशी ती आमच्याकडे जेवायला होती.  जेवता जेवता तीच म्हणाली, “भाऊजी, तुम्ही?” हे ताटावरून नजर न उचलता म्हणाले, “नाही दिलं.”  ती म्हणाली, “का? मी खोटं बोलते असं वाटलं?” तर हे काय म्हणाले माहितीये? “खोटं बोलली असतीस तर दिलं असतं. बाकीचे म्हणतात क्रशर बंद करू, पण ते करत नाहीत, मग त्यांना मत द्यायला भीती कसली? तू केलं असतंस.” ती सगळं जेवली, पानात काही टाकलं नाही. ताट धुतलं. “येते ताई” म्हणाली आणि गेली.

आणि मी? मी कोणाला दिलं — ते राहू द्या.

पुढच्या वेळी जिंकाल का म्हणता. तुम्ही खरे आहात हे सगळ्यांना ठाऊक आहे, तिथेच तर अडतंय! माणसाला हळूहळू मरणं चालतं, पण उद्या सकाळी चूल पेटणार नाही म्हटलं की हातपाय गळतात. आमचंच बघा ना — यांच्या गोळ्या, तो तोंडाला लावायचा पंप, आजचा हा एक्स-रे, सगळं क्रशर कंपनीच्या या दवाखान्यातून, नर्सच्या घरचं माणूस म्हणून...

कुठली नर्स म्हणजे — कंपनीची. हो. तीच. झालं समाधान? राजीनामा दिलेल्या बाईला दारात कोण उभं करतंय? महिने गेले तसेच. शेवटी मालकानेच गाडी पाठवली. निळा कोट दिला, खुर्ची दिली. आता ती कामगारांची छाती तपासते, खोकल्याचं औषध देते आणि ‘कामासाठी योग्य’ म्हणून सही करते. मला एकदाच म्हणाली, “ताई, नळीतून आवाज येतो गं. सगळ्यांचा सारखाच.” 

आत्ता? आत आहे ती, यांना धरून उभी. अहो, उठताय कुठे! ऐका माझं. तुम्ही विचारलंत तर ती हो म्हणेल. तो कोट इथेच काढून ठेवेल आणि तुमच्याबरोबर चालायला लागेल — मी ओळखते तिला. म्हणूनच विचारू नका. यांचा श्वास त्या कोटावर चाललाय, कळतंय का तुम्हाला? वाईट बाई म्हणा मला, हवं ते म्हणा. उमेदवार दुसरा शोधा. बोलेल आणि करणार नाही असा शोधा, येईल निवडून.

दार उघडतंय. जा — जिन्याकडून जा, मागे बघू नका...

कोण? कोणी नाही गं सिस्टर. रक्त तपासायची खोली विचारत होते, सांगितली मी. — निघा हो तुम्ही, वरच्या मजल्यावर आहे ती, नाहीतर बंद होईल.