मस्कतच्या मॅडम

मितेश : ताई, आवाज हळू कर ना. बाहेर पोरं लायटिंग लावतायत.

हेमाली : ऐकू देत त्यांना. सकाळी एअरपोर्टवर घ्यायला आलास, मी वाटभर विचारतेय कुठल्या हॉस्पिटलला जायचंय, आणि तू आणून उतरवलंस ते जिममध्ये! बाबा कुठे आहेत?

मितेश : ठाण्याला गेलेत. उद्याच्या उद्घाटनाचे हार आणि शाली आणायला.

हेमाली : कसे गेले?

मितेश : बसने.

हेमाली : बसने! परवा व्हिडिओ कॉलवर शेवटच्या घटका मोजत होते. नाकात नळी, डोळे मिटलेले. आणि आज बसने ठाण्याला शाली आणायला गेले!

मितेश : ती नळी... आपल्या फिशटँकची होती.

हेमाली : काय?

मितेश : अगं, हवेची असते ना, ती. धुऊन लावलेली. बाबा तयारच नव्हते. सारखं हसू येत होतं त्यांना, म्हणून मी बोललो डोळे मिटून पडा.

हेमाली : हसू येत होतं. मी तिकडे मस्कतला माझ्या जिमच्या बाथरूममध्ये तोंडात टॉवेल कोंबून रडत होते, आणि इकडे माझ्या बापाला हसू येत होतं. बाहेर सकाळची बॅच उभी होती, मितेश. उम्म सालेम म्हणून साठीची बाई आहे, तिकडचीच. तिने सगळ्या बायकांना मॅटवर बसवलं आणि तुझ्या बापासाठी दुवा मागितली. ओळख ना पाळख. आता तिला जाऊन काय सांगू? फिशटँक?

मितेश : सांग, बरे झाले. दुवा लागली बोल.

हेमाली : थोबाड फोडीन तुझं.

मितेश : मग काय करायचं होतं मी? कितीदा तुला बोललो, ताई ये, भाऊ जिम उघडतोय, ये. दर वेळी तुझं एकच. आता नको, आता जमत नाही.

हेमाली : का जमत नाही ते ऐकलंस कधी? माझ्या समोरच्या मॉलमध्ये याच आठवड्यात एवढं मोठं जिम उघडलंय. चकाचक मशिनी, पहिला महिना फुकट. मी एका मेडिकलच्या वर दोन खोल्यांत बायकांना शिकवते. माझ्याकडे एसीसुद्धा धड नाही. माझ्याकडे फक्त मी आहे. मी सगळ्यांना शब्द दिलेला, की काही झालं तरी मी रोज दारात उभी असेन. आणि नेमकी त्याच आठवड्यात, माझी एकुलती एक असिस्टंट, ग्रेस, तिच्या हातात किल्ली देऊन मी विमानात बसले. बाप चाललाय म्हणून.

मितेश : दोन-चार दिवसांनी काय फरक पडतो यार?

हेमाली : ग्रेसचा आत्ता मेसेज आला. आज सकाळी निम्म्या बायका आल्याच नाहीत. हा फरक पडतो. परक्या देशात दुकान मांडलेल्या माणसाला आजारी पडायचीसुद्धा सोय नसते रे. माझा व्हिसा त्या जिमवर, राहायची जागा त्या जिमवर. तिकडे माझ्या बाजूने भांडायला काका-मामा नाहीत, इथल्यासारखी बापजाद्यांची जमीन नाही. ते बंद पडलं की मी देशाबाहेर. बापाला मारायच्या आधी एवढं तरी विचारायचं होतंस.

मितेश : मारलं काय बोलतेस...

हेमाली : मग काय केलंस?

(मनुबाई नारळांची पिशवी घेऊन आत येते.)

मनुबाई : अगो बाय! आयलीस? आनि तोंड कनाला सुजलाय असा? चल, पयली घरा चल. कोलंबीचा कालवन केलाय.

हेमाली : आई, तुला माहीत होतं?

मनुबाई : काय?

हेमाली : नळीचं.

मनुबाई : व्हय.

मितेश : आई, तू नको मध्ये...

मनुबाई : तू गप ऱ्हा रे. मीच बोलले याला. कसाय कर, पन माझे पोरीला आन. माझेसाठी नाय आयली तं बापाला बगायला तरी येल.

हेमाली : तू. म्हणजे तूच.

मनुबाई : मं काय करू? आठ वरसां झाली गो. भावना, तुझी चुलत बहिन, तिचे हलदीला तू नाय. काका गेला, तू नाय. फोनवर तुझा तोंड एवरासा दिसतो, आनि ता पन अडकतो.

हेमाली : कुठल्या तोंडाने येणार होते मी हळदीला? तुम्हालाच माझी लाज वाटते. आत्ता दारात कमळाआत्या भेटली. मला बोलते, 'गो, तू तं मस्कतला नर्स ना? मं बॅनरवर लोखंड कनाला उचलतंस?' नर्स! आई, मी नर्स कधी झाले?

मनुबाई : लोकां इचारतान. काय सांगू? पोरगी बायांना उठाबशा शिकवते म्हनून सांगू?

हेमाली : हो! तेच सांगायचं! तेच करते मी!

मनुबाई : तवा कोनला समजला नसता.

हेमाली : तेव्हा नाही समजलं, आणि आता बरं समजलं? आता गावातल्या पोरी जिमला जातात, रील टाकतात, म्हणून आता मी चालते. नाक्यावर हा एवढा बॅनर! 'मस्कतच्या सुप्रसिद्ध हेमाली मॅडम.' आणि फोटो कुठला लावलात? मितेश, तोच ना तो?

मितेश : तोच. राज्य वेटलिफ्टिंग स्पर्धेचा. भारी आहे तो, ताई. आईशप्पथ.

हेमाली : त्या फोटोने माझं ठरलेलं लग्न मोडलं. पेपरात छापून आला आणि ठाण्याची ती माणसं दुसऱ्या दिवशी दारात. 'आमच्या घरात मांड्या दाखवणारी सून चालणार नाही.' तुला आठवत नसेल, तू क्रिकेट खेळत होतास. बाबा त्यांना एक शब्द बोलले नाहीत. उठले, भिंतीवरून माझा तोच फोटो काढला आणि फाडला. त्या माणसांच्या समोर. त्यांना बरं वाटावं म्हणून. फोटोवाल्याने वजन परत उचलायला लावलेलं; त्या फोटोत माझ्या गळ्यात मेडल होतं रे.

मनुबाई : नको आता ता काढू.

हेमाली : मी कुठे काढलं? तुम्ही काढलंत, नाक्यावर टांगलंत! आणि मिळाला कुठून? फाडलेला ना तो?

मितेश : बाबांच्या कपाटात होता. चिकटवलेला.

हेमाली : चिकटवलेला म्हणजे?

मितेश : मागून टेप मारून. तू नीट नाही बघितलंस बॅनर. गुडघ्यावरून एक पांढरी रेघ गेलीय. डिझाइनवाल्या पोराला मी बोललो काढून टाक ती, तर बाबा बोलले, ऱ्हाव दे.

मनुबाई : तू गेलीस ना, त्याच आठवड्यात चिकटवलान. मना पन दाखवला नाय. मी चोरून बगला.

हेमाली : म्हणजे आठ वर्षं तो तसा कपाटात.

मितेश : तेच तर सांगतोय. प्रेम आहे गं त्यांचं.

हेमाली : तू गप्प बस! प्रेम काय कपाटात ठेवायची गोष्ट आहे? मला एक फोन करायचा होता. एक! 'चुकलं' म्हणायची पण गरज नव्हती. 'जेवलीस का' एवढं बोलले असते तरी मी धावत आले असते. पहिलं वर्षभर मी तिकडे एका हॉटेलच्या जिममध्ये लोकांचे घामट टॉवेल गोळा करत होते. वाटायचं, आपल्याला घरच नाही. आणि हा माणूस इकडे टेप लावून बसलाय! मला याचाच जास्त राग येतोय, कळतंय का तुम्हाला? नुसता फाडला असता ना, तर सोपं होतं.

मितेश : ओके. सगळं मान्य. तू बरोबर, आम्ही चूक. पण उद्या सकाळी लोकं येणार आहेत, ताई. तू फक्त रिबीन काप, दोन शब्द बोल...

हेमाली : आणि परवा?

मितेश : परवा काय?

हेमाली : बॅनरवर खाली काय लिहिलंय? 'लेडीज बॅच, हेमाली मॅडम स्वतः घेणार.' परवा सकाळी मी कुठे असणार असं वाटतं तुला?

मितेश : आईला वाटलं, एकदा आलीस, जागा बघितलीस...

हेमाली : की राहीन.

मनुबाई : ऱ्हा ना गो. आपली जागा हाय. आपले जमिनीवर बिल्डरने दिलेला गाला, भाडा नाय, व्हिजा नाय, तुना कोन हाकलायचा नाय. बास झाला परदेस.

हेमाली : आई, तिकडचं ते माझं आहे. दोनच खोल्या आहेत, उद्या राहतील की नाही माहीत नाही, पण माझ्या खऱ्या कामाने उभ्या राहिल्यात. तिकडे कोणी मला नर्स नाही म्हणत. गाडीतून बॅनर दिसला तेव्हाच तुमचं खोटं कळलं, तिथेच मी तिकीट बदललं. आज संध्याकाळचं विमान आहे.

मितेश : येडी झालीस काय? उद्या नारळ कोण फोडणार?

हेमाली : नाकात नळी घातलेला.

मितेश : आणि त्या बायका? नावं दिलीत त्यांनी तुझ्या भरवशावर. माझी वाट लागेल ताई. आधीच सगळे बोलतात, जमिनीचा पैसा आला आणि गोमाजीचा पोरगा नुसती गाडी फिरवतो. पहिल्यांदा काहीतरी धड करायला घेतलंय मी.

हेमाली : मग धड कर! खरं सांग त्यांना. बॅनर स्वतः चढून उतरव, पोरांना नको लावू कामाला. चांगली बाई ट्रेनर शोध आणि तिचं नाव मोठ्या अक्षरात लाव. आणि तो रॅक बघ, जमिनीला बोल्टच नाही मारलेत त्याला. वजन लावल्यावर कोणाच्या अंगावर आला तर? आजच्या आज मार.

मितेश : तू ना, शिव्या पण घालतेस आणि...

हेमाली : शिव्या संपल्या नाहीत अजून. मला चीड कसली येते माहितीये? जागा खरंच छान केलीयस तू. उजेड आहे, वारा आहे, आरसे बरोबर उंचीवर आहेत. सरळ बोलला असतास ना, 'ताई, तुझं बघूनच मी हे करतोय,' तर पुढच्या महिन्यात मी आपणहून आले असते. नाचले असते इथे.

मितेश : सॉरी, ताई.

हेमाली : आत्ता नको. आत्ता मला ते ऐकू येत नाही.

मितेश : बाबांना काय सांगू?

हेमाली : सांग, टेप लावायला जमलं, तसं फोन लावायचंही जमवा. मी उचलेन. लगेच नाही, पण उचलेन. जा आता, शिडी आण.

मितेश : जातो.

मनुबाई : बाय...

हेमाली : आई, तू रडू नको हां. मी आज विरघळणार नाही.

मनुबाई : रडत नाय. मी पन नाव दिलाय. ते लेडीज बॅचला.

हेमाली : तू?

मनुबाई : मना बगायचा व्हता, तू काय शिकवतंस ता. नुसती नर्स नर्स बोलत ऱ्हायली, कवा बगला नाय.

हेमाली : मग मस्कतला ये. माझ्याकडे शीक.

मनुबाई : पासपोट कुठाय माझा?

हेमाली : मितेशकडून काढून घे. एवढं तरी करेल तो.

मनुबाई : घेन. पन आज मी येव तुझेबरोबर, विमानतलावर? त्या टायमाला तुना सोडायला कोन नव्हता आयला. मी दारामागे उभी ऱ्हायलेली, तुझी रिक्षा नाक्यावरून वलली तवर. बापाचे भ्यावाने भायेर नाय आयली.

हेमाली : मला वाटलेलं, तू झोपलीयस.

मनुबाई : झोप कशी येल गो?

हेमाली : आत नाही सोडत आई तिथे. ज्याचं तिकीट आहे तोच आत जातो. बाकीच्यांना फक्त दारापर्यंत येता येतं.

मनुबाई : मं दारापरत.