दुसरी तार

...आणि वर लोक विचारतात, ‘सहा वर्षं झाली, अजून शिकतेयस?’ अहो शिकतेय कुठली, पापुद्रे सोलतेय! तुम्हाला सांगते, काम ऐकायला साधं आहे. पाण्यात दोन तारा सोडायच्या, वीज लावायची, पाणी फुटतं, एका तारेवर हायड्रोजनचे बुडबुडे येतात, उद्या त्यावर गाड्या धावणार, धूर नाही की काजळी नाही. फक्त त्या तारेवर प्लॅटिनम हवं, आणि अंगठीत घालायचा धातू तो, जगाला पुरणार कुठून? म्हणून मी एका स्वस्त राखाडी भुकटीचे पापुद्रे काढते, तीन अणूंच्या जाडीचे. कांद्याचा पापुद्रा त्यापुढे गादी वाटेल! ते तारेला फासायचे आणि बघत बसायचं. पाच वर्षं बघत बसले. पण बुडबुडे येत होते हं, चारच, पण येत होते.

मग सहाव्या वर्षी एकच तार दहा दिवस सलग चालू ठेवली, तर काय झालं, पहिल्या दिवशी चार, तिसऱ्या दिवशी रांग, दहाव्या दिवशी उकळीच फुटली! वापरून वापरून वस्तू बिघडतात, माझे पापुद्रे सुधारत होते. तेव्हाच शंका यायला हवी होती, माणसंसुद्धा अशी सुधारत नाहीत! माझ्या पीएचडीच्या मार्गदर्शक मॅडम, ज्या कुणालाही ‘बरं’च्या पलीकडे काही म्हणत नाहीत, त्या म्हणाल्या, ‘छान.’ शोधनिबंध छापून आला. का नाही येणार, बुडबुडे येत होते ना...

आमचे बाबा वेल्डर. जेवताना त्यांना सगळं समजावलं, तर हात धुता धुता म्हणतात, ‘दुसरी तार कसली?’

म्हटलं, प्लॅटिनमची, ती नुसती वीज पोचवते, तिचं काही काम नाही.

‘झिजत नाही?’

‘नाही हो बाबा, प्लॅटिनम आहे ते.’

‘मोजलीस?’

आता काय सांगू... मोजली नव्हती! दुसऱ्या दिवशी तारेचं वजन केलं, तेवढ्याच नव्या तारेपेक्षा कमी भरलं. शेजारच्या खोलीतल्या काट्यावर केलं, तिथंही कमी. तार कणाकणानं विरघळत होती, पाण्यातून येऊन माझ्या पापुद्र्यांवर बसत होती आणि बुडबुडे तीच काढत होती. राबायचं एका जावेनं आणि कौतुक दुसरीचं! तार काढून कोळशाची कांडी लावली, नवे पापुद्रे फासले. चार बुडबुडे. दहाव्या दिवशीही चारच.

गप्प बसता आलं असतं, कुणाला कळणार होतं? तीन दिवस बसलेही. चौथ्या दिवशी मॅडमच्या खोलीत गेले. त्यांनी आकडे पाहिले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा आकडे पाहिले आणि म्हणाल्या, ‘निबंध मागे घेऊ.’ मग, ‘हे सुचलं कुणाला?’

‘वडिलांना. वेल्डिंग करतात.’

‘बरं,’ म्हणाल्या.

निबंध मागे घ्यायचं पत्र सकाळी गेलं. सहा वर्षं एका पानात मावली, बघा. आणि दुपारी एका दुसऱ्या प्रयोगशाळेचं पत्र आलं. अभिनंदन! त्यांनी आमचा प्रयोग जसाच्या तसा केला होता आणि निकाल तंतोतंत जुळला होता. का जुळणार नाही, दुसरी तार त्यांचीही प्लॅटिनमचीच! मी तातडीनं कळवलं, तेवढं तारेचं वजन करा. त्यांचं लगेच उत्तर, ‘तुमचा काटा तपासून घ्या.’

...दिलाय तपासायला. काय करणार?