लोलकाभोवतीची शाल

नाही काका, वाऱ्याचं काम नाही ते. वारा रोज संध्याकाळच्या प्रार्थनेचीच वेळ धरून येत नाही – आणि घंटेच्या लोलकाला शाल गुंडाळणं वाऱ्याला जमत नाही. तुम्ही दार उघडून दिलंत, तेव्हाच वर जाऊन आले मी. चित्रलेखाकाकूंचीच ना ती? नाताळात याच चर्चच्या दारात त्यांच्या अंगावर पाहिली होती. – बसा ना. बाकाच्या त्या टोकाला, हो, मास्क राहू द्या.

चिडलेली नाही मी. समजावायला आले आहे, आणि तेही इंजिनिअर म्हणून, तुमच्या ओळखीतली चारुता म्हणून नव्हे. घंटेचा हा मनोरा स्थिर दिसतो, पण तो स्थिर कधीच नसतो. ट्रक गेला, वारा सुटला, की डोळ्यांना न दिसेल इतका हलतो, आणि त्या हलण्याला त्याची स्वतःची एक लय असते. दगडांमधला चुना सुटू लागला की ती लय मंदावते. तेवढंच मोजायला सेन्सर बसवले आहेत, वेरिबी उपनगरातल्या माझ्या घरी बसून मी ते स्क्रीनवर बघते. मग लॉकडाऊन लागला, रस्ता ओस पडला, मनोरा जवळजवळ गप्प झाला – आणि त्या शांततेत रोज एक थरथर, ठरल्या वेळी. आधी मला यंत्रातला बिघाड वाटला. मग लक्षात आलं, कुणीतरी आवाज न करता घंटेला झोका देतंय. कुलूपबंद चर्चची किल्ली कुणाकडे? घंटा वाजवणाऱ्याकडे. तुमच्याकडे.

नवसच ना हा? तुमच्यात नवस नसतो म्हणता – नसू दे, त्याला दुसरं नाव द्या. काकू व्हेंटिलेटरवर, हॉस्पिटलात तुम्हाला आत सोडत नाहीत, मग माणूस काय करणार, हाताला सवयीचं आहे तेच करणार, आणि मनाशी अट बांधणार: माझा झोका चुकला नाही, तर तिचा श्वास चुकणार नाही. – असू दे, बोलू नका. कळतं मला.

पण झोपाळ्याला नेमक्या वेळी नुसतं बोट लावलं तरी तो चढत जातो, तसंच इथे होतंय. मनोऱ्याची लय उतरत उतरत तुमच्या घंटेच्या झोक्याला जुळायला आली आहे. थंडीमुळेही उतरली असेल – थंडीत दगड आक्रसतो, भेगा उघडतात – खोटं सांगणार नाही, खात्री मलाही नाही. पण खाली बघा. कोविड टेस्टची रांग थेट या भिंतीलगत उभी असते. वरून एक दगड सुटला तरी पुरे.

मग आधी का नाही सांगितलं, असं म्हणाल. म्हणा. – पंधरवडा झाला मला कळून. अहवालात घालायला हवं होतं, नाही घातलं. पुण्याला आई ऑक्सिजनवर, मी इथे परदेशात, विमानं बंद. बहीण, स्वरदा, रोज फोन करायची, तो फोन घ्यायची मला धास्ती वाटायची. त्यापेक्षा मी तुमच्या थरथरीची वाट बघायला लागले – ती स्क्रीनवर उमटली की वाटायचं, आजचा दिवस निभावला. तुमच्या अटीला मी माझी आई बांधून टाकली, तुम्हाला न विचारता. आणि खाली माणसं उभी होती, ते मला दिसत होतं.

मंगळवारी आई गेली.

मंगळवारी तुमचा झोका आला होता काका. नेहमीसारखा, नेहमीच्या वेळी.

– नाही, थांबा. मला हे म्हणायचं नव्हतं. काकूंचं वेगळं आहे. त्या इथे आहेत, इथले डॉक्टर – काकूंचं –

आजपासून झोका बंद, किल्ली त्या कठड्यावर ठेवा. हातात नको. शाल तिथेच घडी करून ठेवली आहे, ती घेऊन जा. आणि निघा आता, कर्फ्यूची वेळ होईल.

मागे वळून वर घंटेकडे बघू नका, काका. जा.