थोरल्याचं नाणं

— खोटं म्हणाला? कोण, पलीकडच्या गल्लीतला तो चष्मेवाला? बसा ताई, बसा, अहो त्याचं काय घेऊन बसलात, तो सकाळी आरशात स्वतःचं तोंड बघून म्हणेल, खोटं! पिशवी ठेवा तिथे. नाही हो, जळत वगैरे नाही मी त्याच्यावर. ओळखतो त्याला, चांगला ओळखतो. धाकटा भाऊ आहे माझा. सख्खा. — हसताय काय? दोन गल्ल्या, दोन दुकानं, दोन्हीकडे जुनी नाणी, त्यात काय एवढं? आमची ही आणि त्याची बायको रोज तासभर फोनवर असतात, म्हणजे घरं काही तुटलेली नाहीत. आम्ही दोघंच तेवढे बोलत नाही. बारा वर्षं झाली. ते जाऊ द्या, तुम्ही नाणं काढा.

वा! सासऱ्यांच्या कपाटात मिळालं म्हणता? चीनचं आहे, हे चौकोनी भोकच सांगतंय. धरायचं असं, कडेनं — बोटाचा घाम लागू द्यायचा नाही. ही चार अक्षरं, वाचायची आधी वरचं, मग खालचं, मग उजवं, मग डावं. मला चिनी येतं का? छे हो, पण तीस वर्षं तीच तीच अक्षरं बघितली की शेजाऱ्यांसारखी ओळखीची होतात. आता मागची बाजू — ही दोन्हीकडची वळवळती अक्षरं मांचू, म्हणजे तिथल्या राजघराण्याची लिपी, त्यात टांकसाळीचं नाव, आणि वर-खाली लिहिलंय त्यात पन्नास आहे, म्हणजे साध्या पन्नास नाण्यांच्या मोलाचं एक. युद्धाचा खर्च भागेना तेव्हा तिथल्या बादशहानं अशी मोठाली नाणी काढली, दीडशेच्या वर वर्षं झाली. मिळत नाही सहसा. म्हणजे खरं असलं तर. असेलच! धाकट्यानं खोटं म्हटलंय ना, मग असायला काय हरकत आहे?

चला, एकेक बघू. ही नाणी ठोकलेली नसतात, साच्यात ओतलेली असतात. ओतली की चौकोनी सळईवर ओवायची आणि कडा कानशीनं घासायच्या, म्हणून कडेला बारीक रेघा हव्यात. इथे... इथे गुळगुळीत आहे. झिजल्या असतील — अहो, झिजतात. हा हिरवा रंग? कापसावर नेलपॉलिश रिमूव्हर घेऊ, खरा गंज हटत नाही, लावलेला रंग सुटतो. हा बघा कापूस... थोडासाच झालाय हिरवा! घाई करू नका, तुम्ही पण त्याच्यासारख्याच. अक्षरं जरा पुसट आहेत, हो, दिसतंय मला.

थांबा, भिंतीवरची ती चौकट बघितलीत? हेच नाणं, अस्सल, माझं. दोन्ही शेजारी-शेजारी ठेवू, सोक्षमोक्ष लागेल. हे आणलं तेव्हा दुकान दोघांचं होतं, आणि धाकट्यानं भर गिऱ्हाइकांत म्हटलं, ‘दादा, फसलास.’ चारचौघांत! ज्याला नाणं धरायला मी शिकवलं, तो! मी म्हटलं, तुला एवढं कळतं तर वेगळं दुकान काढ. त्यानं काढलं. मला तसं म्हणायचं नव्हतं, पण जीभ सुटली ती सुटली. — हं, हे निघालं चौकटीतून. तुमच्या नाण्याला कडेला हा पोचा आहे बघा, वरच्या अक्षराच्या डावीकडे, पडलं असेल कधीतरी, आणि माझ्या...

हो. दिसलं मलाही.

एकाच जागी. तेवढाच. पडून आलेला पोचा दोन नाण्यांना एकाच जागी कसा येईल ताई? कुणीतरी पोचा आलेल्या एका नाण्यावरून साचा घेतला आणि — पण थांबा, थांबा! तुमचं माझ्यावरूनच पाडलं असेल, मग माझं खरंच की! धातू थंड होताना आकसतो, नक्कल अस्सलापेक्षा लहान भरते. मापतो. तुमचं... आता माझं... पुन्हा मापतो. केसाचाही फरक नाही. दोन्ही एकाच साच्यातली.

नको, पाणी नको मला. बारा वर्षं रोज सकाळी मी ती काच पुसतो. दुनियेच्या नाण्यांवर भिंग धरलं, ह्याला मात्र कधी बाहेर काढलं नाही. वेळ नव्हता असं नाही. भीती वाटायची. तो बरोबर निघाला तर मी त्याला घालवला कशासाठी, हे कुणाला सांगणार होतो?

एक काम कराल? जाताना त्याच्याच गल्लीतून जाणार ना? हे माझंही घ्या, कागदात गुंडाळून देतो. त्याच्या टेबलावर ठेवा आणि म्हणा, दादानं तपासायला पाठवलंय. बस, एवढंच. माफी-बिफी काही म्हणू नका, त्याला कळेल. आणि हसला तर हसू द्या, पण मला येऊन सांगू नका. — कसले पैसे? निघा आता. निघा म्हटलं ना, आणि दार ओढून घ्या.